कानाला लावलेला स्क्रू ड्रायव्हर : यंत्र अभियांत्रिकीच्या अध्यापकाविषयी वाचकांचे प्रश्न

यंत्र अभियांत्रिकी शिकवणाऱ्या माणसाचे आयुष्य नेमके कसे असते, याविषयी प्रश्न पाठवावेत, असे आवाहन मागच्या अंकात केले होते. बडोद्यातून पत्रे येतील याची खात्री होती, कारण इथल्या मराठी घरांतून कोणी ना कोणी कारखान्यात किंवा कलाभवनात, म्हणजे इथल्या विद्यापीठाच्या तंत्रज्ञान शाखेत, गेलेले असतेच. मात्र शिकणाऱ्यांपेक्षा त्यांच्या आईवडिलांचीच पत्रे जास्त येतील, असे वाटले नव्हते. उत्तरे देणाऱ्याची पात्रता एवढीच की मी या शहरात ३१ वर्षे यंत्र अभियांत्रिकी शिकवली आणि त्याआधी ४ वर्षे एका पंपाच्या कारखान्यात काढली. पत्रलेखकांची नावे वगळली आहेत आणि लांब पत्रे थोडी आखूड केली आहेत.

प्रश्न : माझा मुलगा ३२ वर्षांचा आहे. बी.ई. मेकॅनिकल झाल्यापासून तो मकरपुऱ्यातील एका कारखान्यात नोकरी करतो. आता नोकरी सोडून एम.ई., मग पीएच.डी. आणि पुढे प्राध्यापकी, असे त्याने मनात घेतले आहे. घरात सून आणि ४ वर्षांची नात आहे. या वयात हे शहाणपणाचे ठरेल का? (एक वडील, दांडिया बाजार)

उत्तर : आधी हिशेब करू, म्हणजे बाकीचे बोलणे सोपे जाईल. अभियांत्रिकी महाविद्यालयात सहायक प्राध्यापक होण्यासाठी बी.ई. आणि एम.ई. या दोन्ही पदव्या लागतात व त्यांपैकी निदान एकीत प्रथम श्रेणी असावी लागते. त्यापुढच्या सहयोगी प्राध्यापकाच्या जागेसाठी पीएच.डी. आणि ८ वर्षांचा अनुभव मागतात. हा अनुभव अध्यापनाचा, संशोधनाचा किंवा उद्योगातीलही चालतो, तेव्हा मकरपुऱ्यातील वर्षे अगदीच पाण्यात जात नाहीत. सातव्या वेतन आयोगानुसार सहायक प्राध्यापकाचे मूळ वेतन ५७,७०० रुपयांपासून सुरू होते. हे सरकारी आणि अनुदानित संस्थांचे झाले. खासगी महाविद्यालयात कागदावरचा आकडा आणि हातात पडणारा आकडा एकच आहे का, याची चौकशी मुलाखतीच्या दिवशी नव्हे तर त्याआधी, तिथे शिकवत असलेल्या माणसाकडे करावी.

गेट ही पदव्युत्तर प्रवेशाची परीक्षा देऊन एम.ई. केल्यास महिन्याला १२,४०० रुपये विद्यावेतन मिळते. पीएच.डी.ची कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती मिळाली, तर २०२३ पासून पहिली दोन वर्षे महिन्याला ३७,००० आणि नंतर ४२,००० रुपये मिळतात. एम.ई.ची २ वर्षे आणि पीएच.डी.ची ४ ते ५ वर्षे धरली तर मुलगा ३८-३९ व्या वर्षी पुन्हा पगारावर येईल आणि तोवर नात पाचवीत गेलेली असेल. हे आकडे सूनबाईंसमोर, त्यांच्या हाती पेन्सिल देऊन मांडावेत. नोकरी न सोडता अर्धवेळ पीएच.डी. करण्याची सोयही बऱ्याच विद्यापीठांत असते, परंतु त्यात रविवार उरत नाहीत.

आता कामाविषयी. सहायक प्राध्यापकाला आठवड्याला १६ तास शिकवावे लागते, हे ऐकून कारखान्यातला माणूस हसतो, कारण त्याचे १६ तास मंगळवारी संध्याकाळीच संपलेले असतात. त्या १६ तासांच्या मागे मात्र जर्नले, म्हणजे मुलांच्या प्रयोगवह्या, तपासणे, तोंडी परीक्षा, प्रश्नपत्रिका, प्रकल्पांची मुले, बंद पडलेली प्रयोगशाळेतील यंत्रे आणि मूल्यांकनाच्या फायली उभ्या असतात. फायलींचे दुःख मी विशेष सांगतो. एका महाविद्यालयात पाहुणा परीक्षक म्हणून गेलो असता तिथली सगळी यंत्रे नव्या हिरव्या रंगाने चकाकत होती. एका लेथचे चक, म्हणजे कातायचा तुकडा पकडणारा जबडा, हाताने फिरवून पाहिले तर ते फिरेना, कारण रंग बेअरिंगच्या, म्हणजे फिरत्या दांड्याला आधार देणाऱ्या भागाच्या, आतपर्यंत गेला होता. तपासणी समिती दुसऱ्या दिवशी येणार होती, असे नंतर कळले.

मुलाने हे करावे की करू नये, याचे उत्तर वयात नाही. तो शिफ्टला, मॅनेजरला किंवा टार्गेटला कंटाळून निघाला असेल, तर त्याला थांबवा. कंटाळा प्राध्यापकीतही भरपूर आहे आणि तिथे तो कमी पगारात मिळतो. पण कारखान्यात त्याला एखादे कोडे भेटले असेल, म्हणजे अमुक भाग नेहमी तिथेच का तुटतो, हे त्याला सुटत नसेल आणि रात्री जेवताना तो तेच बोलत असेल, तर त्याला जाऊ द्या. लुडविग प्रांटल यांनी १९०० मध्ये म्यूनिकला डॉक्टरेट घेतली आणि ते न्युर्नबर्गच्या एका मोठ्या यंत्रकारखान्यात लागले. तिथे त्यांच्या वाट्याला आलेले काम काही शास्त्रज्ञाला शोभेसे नव्हते : यंत्रांवर पडणारा कीस शोषून नेणारी नळ्यांची यंत्रणा सुधारायची होती. रुंद होत जाणाऱ्या नळीत हवेचा दाब पुस्तकाप्रमाणे वाढायला हवा होता, पण तो तसा वाढत नव्हता, कारण प्रवाह नळीच्या भिंतीपासून सुटत होता. यंत्रणा तर त्यांनी दुरुस्त केली, पण तो सुटतो का, हा प्रश्न सोबत घेऊनच ते १९०१ मध्ये हानोफरला प्राध्यापक झाले आणि १९०४ मध्ये हायडेलबर्गच्या गणित परिषदेत त्यांनी सीमास्तराची, म्हणजे भिंतीला लागून मंदावणाऱ्या प्रवाहाच्या पातळ थराची (आपण वर्गात त्याला बाउंडरी लेअर म्हणतो), कल्पना मांडली. विमानाच्या पंखापासून पंपाच्या इम्पेलरपर्यंत, म्हणजे त्यातल्या पात्यांच्या चक्रापर्यंत, आज जे काही आखले जाते, त्यात ती आहे. कारखान्यात ते फार काळ टिकले नाहीत, पण पुढच्या पन्नास वर्षांचा शिधा त्यांना तिथेच मिळाला.

आणि वयाचेच म्हणाल, तर ज्यांची स्ट्रेंग्थ ऑफ मटेरिअल्सवरची, म्हणजे पदार्थ किती भार सोसतात या विषयावरची, पुस्तके आपल्या मुलाने अभ्यासली असतील, ते स्टीफन टिमोशेंको हे १९२२ मध्ये अमेरिकेत पोहोचले तेव्हा त्रेचाळीस वर्षांचे होते. त्याआधी १९११ मध्ये सरकारी धोरणाला विरोध केल्यामुळे कीव्हच्या पॉलिटेक्निकमधून त्यांना काढून टाकण्यात आले होते. अमेरिकेत त्यांनी आधी उद्योगात नोकरी केली, १९२७ मध्ये मिशिगनला आणि १९३६ मध्ये स्टॅनफर्डला प्राध्यापकी केली. अर्थात, टिमोशेंकोंचे उदाहरण देऊन कोणाच्या घरचा हप्ता फिटत नाही, हेही मी जाणतो.

प्रश्न : मी ४० वर्षे फिटर होतो. स्क्रू ड्रायव्हरचे टोक बेअरिंगच्या हाउसिंगवर, म्हणजे त्याच्या बाहेरच्या घरावर, टेकवून मूठ कानाला लावली की बेअरिंग गेले की नाही, ते आम्ही सांगत असू. मग इंजिनिअर आणि कॉलेजचे प्राध्यापक येऊन त्याच गोष्टीचे आकडे लिहीत. खरे सांगा, यंत्रकामात प्राध्यापकांनी आमच्याआधी कधी काही शोधले आहे का? (एक निवृत्त कामगार, पाणीगेट)

उत्तर : काका, तुमचा टोला मला नेमका जागेवर बसला आहे, कारण मी प्राध्यापक झालो तोच तुमच्यासारख्या एका माणसाच्या स्क्रू ड्रायव्हरमुळे.

पंपाच्या कारखान्यात मी २३ वर्षांचा, नवा ट्रेनी. चाचणीच्या बेडवर एक पंप १४४० फेऱ्यांनी चालू होता आणि मला तो उत्तम वाटत होता. तिथले वयस्क मिस्त्री आले, त्यांनी खिशातला लांब स्क्रू ड्रायव्हर काढला, टोक हाउसिंगवर आणि लाकडी मूठ कानाच्या खालच्या हाडावर टेकवली, डोळे मिटले आणि म्हणाले, "साहेब, बाहेरची रिंग गेली आहे, उतरवा." आतली की बाहेरची, हे त्यांना कसे कळले, असे मी विचारले. "सारखा वाजतोय. आतली असती तर चढउतार झाला असता." बेअरिंग उतरवले, कापले. बाहेरच्या रिंगवर, तळाच्या बाजूला, तिळाएवढा खड्डा होता. मी तो नखाने चाचपून पाहिला.

पुढे एम.ई.ला कंपनांचा विषय शिकताना त्याचे गणित हाती आले. ६२०५ क्रमांकाच्या बेअरिंगमध्ये आतल्या आणि बाहेरच्या रिंगच्या मधे ९ गोळ्या असतात. १४४० फेऱ्या मिनिटाला म्हणजे सेकंदाला २४. बाहेरच्या रिंगवर खड्डा असेल तर त्यावरून दर सेकंदाला जितक्या गोळ्या जातात, तितके ठोके बसतात आणि ढोबळमानाने ती संख्या गोळ्यांची संख्या गुणिले फेऱ्या गुणिले ०.४, म्हणजे सुमारे ८६ येते. खड्डा आतल्या रिंगवर असेल तर ०.४ च्या जागी ०.६ येतो आणि ठोके सुमारे १३० होतात. शिवाय बाहेरची रिंग स्थिर असते. तिच्यावरचा खड्डा भाराच्या जागी असला की सतत भाराखालीच राहतो आणि ठोका एकसारखा वाजतो. आतली रिंग शाफ्टबरोबर, म्हणजे फिरत्या दांड्याबरोबर, फिरते, तिचा खड्डा प्रत्येक फेरीत भाराखाली येतो आणि बाहेर जातो, म्हणून आवाज चढतो आणि उतरतो. मिस्त्रींनी डोळे मिटून हेच सांगितले होते, फक्त त्यांनी त्याला काही नाव दिले नव्हते. आता ते ऐकायला कंपनमापक आणि संगणक लागतो. त्याचा फायदा एवढाच, आणि तो लहान नाही, की मिस्त्री निवृत्त झाले तरी कान कारखान्यात राहतो.

आता तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग. १८८० च्या सुमारास इंग्लंडमध्ये यंत्र अभियंत्यांच्या संस्थेने घर्षणाचा छडा लावायला एक समिती नेमली आणि प्रयोगांचे काम बोशाँ टॉवर नावाच्या अभियंत्याकडे दिले. त्याने ४ इंच व्यासाचा आणि ६ इंच लांबीचा जर्नल, म्हणजे शाफ्टचा बेअरिंगमध्ये फिरणारा भाग, घेतला, त्याच्या वरच्या बाजूवर गोळ्या नसलेले साधे पितळी बेअरिंग ठेवले, जसे रेल्वेच्या आसाच्या पेटीत असते, खालची बाजू तेलात बुडवली आणि वरून भार दिला. घर्षण इतके कमी येत होते की त्यालाच विश्वास बसेना. पुढच्या प्रयोगासाठी त्याने बेअरिंगच्या माथ्यावर तेल सोडायला अर्ध्या इंचाचे भोक पाडले. यंत्र सुरू केले, तर तेल आत जाण्याऐवजी भोकातून वर येऊ लागले. त्याने बूच मारले, ते उडाले. लाकडाची खुंटी ठोकली, तीही हळूहळू बाहेर सरकली. मग त्याने तिथे दाबमापक लावला, तर काटा चौरस इंचाला २०० पौंडांच्या पुढे गेला, आणि बेअरिंगवरचा सरासरी भार होता केवळ १०० पौंडांचा. ही १८८३ ची गोष्ट.

काका, इथे तुमच्या आणि माझ्या दोघांच्या बिरादरीची थोडी फजिती आहे. पिढ्यान्‌पिढ्या कारागीर बेअरिंगच्या माथ्यावर तेलाचे भोक पाडत आले होते, म्हणजे जिथे तेलाला आत जायला सर्वांत जास्त विरोध होतो, नेमके तिथेच. आणि प्राध्यापकांपैकी कोणी त्यांना हे सांगितले नव्हते, कारण त्यांनाही ते माहीत नव्हते. खुंटी बाहेर आली म्हणून दोघांना कळले.

तीन वर्षांनी, १८८६ मध्ये, मँचेस्टरचे प्राध्यापक ऑस्बोर्न रेनॉल्ड्स यांनी टॉवरचे आकडे समोर ठेवून त्यामागचे कारण गणिताने मांडले. शाफ्ट बेअरिंगमध्ये अगदी मधोमध बसत नाही, किंचित एका बाजूला सरकतो, त्यामुळे तेलाची जागा एकीकडून दुसरीकडे निमुळती होत जाते, पाचरीसारखी. फिरणारा शाफ्ट चिकट तेलाला त्या पाचरीत ओढत नेतो आणि तेलाला निसटायला वाव नसल्याने तिथे दाब तयार होतो. भार जो उचलला जातो, तो काही शतांश मिलिमीटर जाडीच्या त्या तेलाच्या थरावर. धातू धातूला लागतच नाही. ओल्या फरशीवर चप्पल घसरते तेव्हा आपणही क्षणभर तशाच एका थरावर असतो, फक्त उपयोग उलटा. हे रेनॉल्ड्स गणिती होते खरे, पण केंब्रिजला जाण्याआधी ते एका यंत्रकारखान्यात उमेदवारी करून आले होते, हे तुम्हाला आवडेल.

त्यापुढे मात्र प्राध्यापक खरोखर पुढे गेला. अमेरिकेतील आल्बर्ट किंग्जबरी या यंत्र अभियांत्रिकीच्या प्राध्यापकाने रेनॉल्ड्सचा लेख वाचून असा विचार केला की तेलाची पाचर योगायोगावर का सोडायची, ती मुद्दाम घडवावी. त्याने बेअरिंगचे तुकडे करून प्रत्येक तुकडा किंचित कलता येईल असा टेकूवर बसवला; शाफ्ट फिरू लागला की प्रत्येक तुकडा आपोआप हवा तेवढा कलतो. असे बेअरिंग १९१२ मध्ये पेनसिल्व्हेनियातील होल्टवूड जलविद्युत केंद्रात बसले. आपल्याकडून केवडियाला सरदार सरोवर पाहायला जाणाऱ्या लोकांची नजर धरणावर खिळते, पण त्याच्या पायथ्याशी नदीपात्रातील वीजघरात २०० मेगावॉटचे ६ संच उभे आहेत, आणि अशा उभ्या संचांचा सगळा फिरता डोलारा पेलला जातो तो याच तत्त्वाने, तेलाच्या थरावर. कोणत्याही फिटरच्या कानाला हे आधी ऐकू येणे शक्य नव्हते, कारण तोवर ते यंत्रच नव्हते. तेव्हा तुमचे म्हणणे मला निम्मे मान्य आहे. आणि त्यातला माझा वाटा निम्म्याहून थोडा कमी धरलात तरी तक्रार नाही.

प्रश्न : मुलीला मेकॅनिकलला प्रवेश मिळतो आहे, कॉम्प्युटरला नाही. तिला मेकॅनिकल चालते, शिकवण्याचीही आवड आहे. पण घरातले आणि नातेवाईक म्हणतात की हे मुलींचे काम नाही. (एक आई, रावपुरा)

उत्तर : ताई, नातेवाइकांना इला मजुमदार यांची हकीकत सांगा. माहेरच्या मजुमदार, नंतरच्या इला घोष. जन्म १९३० चा, पूर्व बंगालमधील फरीदपूर जिल्ह्यातला. १९४७ मध्ये शिबपूरच्या बंगाल इंजिनिअरिंग कॉलेजने मुलींना दार उघडले, तेव्हा आत गेलेल्या दोन मुलींपैकी त्या एक. दुसरीने मध्येच कॉलेज सोडले. इलांना सिव्हिल घ्यायचे होते, पण बाहेर साइटवर हिंडावे लागते म्हणून ते नाकारले गेले आणि त्या मेकॅनिकलला आल्या. म्हणजे आज जे मुलींसाठी अवघड म्हणून सांगतात, ते त्या काळी त्यातल्या त्यात घरंदाज मानले गेले होते. नातेवाइकांच्या तर्काचे हे असे असते. १९५१ मध्ये त्या पदवीधर झाल्या, देशातील पहिल्या स्त्री यंत्र अभियंता. प्रशिक्षणासाठी ग्लासगोला गेल्या, परत येऊन देहरादूनच्या आयुध कारखान्यात काम केले आणि १९५५ मध्ये दिल्ली पॉलिटेक्निकमध्ये शिकवू लागल्या. पुढे कोलकात्यातील महिला पॉलिटेक्निकच्या त्या पहिल्या प्राचार्य झाल्या आणि ढाक्यात महिला पॉलिटेक्निक उभारण्यासाठी त्यांना बोलावण्यात आले.

माझ्या स्वतःच्या वर्गांत सुरुवातीला ६० मुलांत एखादी मुलगी असे. मोल्डिंग शॉपमध्ये वाळूचा साचा मोडला तर मुले तो लपवत, मुली विचारत. शिकवण्याच्या कामासाठी मला हा गुण महत्त्वाचा वाटत आला आहे. एक व्यावहारिक सूचना : प्रवेश घेण्याआधी तिला एकदा कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये नेऊन आणा. तेलाचा वास आणि ग्राइंडरचा आवाज तिला नकोसा झाला, तर नातेवाइकांचे नव्हे, तिचे ऐका.

प्रश्न : माझ्या आजोबांजवळ कलाभवनचे जुने प्रमाणपत्र होते. तिथे तेव्हा यंत्रशास्त्र शिकवत असत का? आणि दादासाहेब फाळके तिथेच शिकले, हे खरे का? (एक वाचक, सूरसागरजवळ)

उत्तर : दोन्ही खरे. सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये कलाभवन सुरू केले आणि ते उभारण्याचे काम त्रिभुवनदास गज्जर या सुरतेच्या रसायनशास्त्रज्ञाकडे सोपवले. चित्रकला, सुतारकाम, रंगकाम, विणकाम यांच्या जोडीला तिथे यंत्रकामही शिकवत. गज्जरांचा आग्रह असा की हे शिक्षण देशी भाषेत व्हावे, आणि त्यासाठी त्यांनी शास्त्रीय विषयांची पुस्तके गुजरातीत तयार करवण्याचा उद्योगही हाती घेतला. आज पहिल्या वर्षाचा मुलगा 'टॉर्क म्हणजे काय' हे इंग्रजीत घोकून येतो आणि पान्याची मूठ लांब असली की नट का लवकर सुटतो, हे त्याला सांगता येत नाही, तेव्हा मला गज्जरांची आठवण होते. फाळके कलाभवनात आले ते चित्रकला आणि छायाचित्रण शिकायला, परंतु पुढे कॅमेरा, छपाई आणि प्रकाशयंत्रे त्यांनी ज्या सहजतेने हाताळली, त्यात त्या मिसळीच्या शिक्षणाचा वाटा असावा, असे मला वाटते.

१९४९ मध्ये महाराजा सयाजीराव विद्यापीठ स्थापन झाले आणि कलाभवन त्याच्या तंत्रज्ञान शाखेत सामावले. जुने लोक अजूनही 'टेक्नॉलॉजीला' जातो असे न म्हणता 'कलाभवनला' जातो असेच म्हणतात. पुण्यात असे शिक्षण १८५४ मध्येच सुरू झाले होते, तेव्हा आपण पहिले नव्हे. मात्र गायकवाडी मुलखाला यंत्राचा नाद कलाभवनाच्याही आधीचा : १८६२ मध्ये डभोई ते मियागाम अडीच फुटी रेल्वे सुरू झाली, पण गाड्या ओढत बैल. पुढच्या वर्षी इंजिने आणली, तर रूळ त्यांच्या वजनाला पुरेनात, म्हणून १८७३ मध्ये अधिक मजबूत रूळ टाकावे लागले. भार आणि छेद, म्हणजे भार पेलणाऱ्या भागाचा आडवा काप, यांचा संबंध शिकवताना मी हे उदाहरण दरवर्षी देत असे, आणि डभोईचा एखादा विद्यार्थी वर्गात असला की तो उगाच लाजत असे.

प्रश्न : मी मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. कविता वाचणे, लिहिणे मला आवडते. सर म्हणतात, प्राध्यापक व्हायचे असेल तर हे सोडून दे. (एक विद्यार्थी, फतेहगंज)

उत्तर : सोडू नका. सतीश धवन यांनी लाहोरला गणित व पदार्थविज्ञानात बी.ए. केले, इंग्रजी साहित्यात एम.ए. केले आणि मग १९४५ मध्ये यंत्र अभियांत्रिकीची पदवी घेतली. अमेरिकेत कॅलटेकला १९५१ मध्ये डॉक्टरेट करून ते बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत शिकवायला आले, १९६२ पासून जवळपास वीस वर्षे तिचे संचालक होते आणि १९७२ पासून इस्रोचे प्रमुखही. १० ऑगस्ट १९७९ रोजी एसएलव्ही-३ या अग्निबाणाचे पहिले उड्डाण फसले, तेव्हा पत्रकारांना सामोरे ते स्वतः गेले. १८ जुलै १९८० चे उड्डाण यशस्वी झाले, तेव्हा धवन यांनी अब्दुल कलाम यांना पुढे केले. हे कलामांनीच पुढे अनेकदा सांगितले. एम.ए.चा त्यात हात होता की नाही, हे तुमच्या सरांना विचारा. कविता मात्र प्रयोगाच्या जर्नलमध्ये लिहू नका. एकाने लिहिली होती, ती मी तपासून सही केली आणि नंतर विभागप्रमुखांना उत्तर देता देता माझी पुरेवाट झाली.

प्रश्न : माझे यजमान यंत्र अभियांत्रिकीचे प्राध्यापक म्हणून निवृत्त झाले. आता सोसायटीतले सगळे लोक त्यांना बिघडलेले मिक्सर, पंखे आणि पाण्याच्या मोटारी आणून देतात. आमची गॅलरी भरली आहे. माझा स्वतःचा मिक्सरचा जार गेल्या महिन्यापासून त्यांनी सोडून ठेवला आहे, आणि विचारले की म्हणतात, पाहतो आहे. (एक गृहिणी, कारेलीबाग)

उत्तर : वहिनी, ते खरेच पाहत आहेत. मिक्सरच्या जारच्या तळाशी जो दांडा फिरतो, तो एका लहान बुशमध्ये फिरतो, आणि बहुतेक वेळा त्यात मसाल्याचे पाणी जाऊन तो जाम झालेला असतो. वरच्या फिटरकाकांच्या उत्तरात जी तेलाची पाचर सांगितली, तीच इथे बोटाच्या पेराएवढ्या जागेत असते. आणि जारखालचा जो कपलर, म्हणजे जारला मोटारीशी जोडणारा तुकडा, सारखा तुटतो म्हणून तुम्ही कंपनीला दोष देत असाल, तो मुद्दाम कच्चा ठेवलेला असतो. जार अडकला तर मोटार जळण्याआधी तो स्वस्तातला तुकडा तुटावा, यासाठी.

त्यांना सांगा की दांडा बाहेर काढून बुश कोमट पाण्याने धुवावा, पूर्ण वाळवावा, दांड्याला खाद्यतेलाचे दोन थेंब लावून हाताने फिरवून पाहावा, जादा तेल पुसून काढावे आणि आतले वॉशर पुन्हा त्याच क्रमाने बसवावे. अर्ध्या तासाचे काम आहे. एक महिना लागला तो विचार करायला, आणि त्यात माझ्या घरीही फारसा फरक नाही. सोसायटीच्या मोटारींचे मात्र एक करा : प्रत्येकीवर मालकाचे नाव आणि आणल्याची तारीख लिहून चिकटवायला लावा, आणि पंधरा दिवसांत नेली नाही तर दारात ठेवली जाईल, असे खाली सूचनाफलकावर लावा. गॅलरीत पाय ठेवायला जागा झाली की त्यांच्यासाठी तिथे एक खुर्ची आणि बसायच्या उंचीचे टेबल टाका. जमिनीवर बसून बेअरिंग काढताना गुडघे जातात.